पोफळीचा उतार आणि वाडीवरचा दिवा : एकसर जोडणीचा इतिहास

(दीर्घ धागा)

१.
चिपळूणहून कराडकडे निघालेला रस्ता कुंभार्ली घाट चढू लागतो, त्या घाटाच्या पायथ्याशी पोफळी हे गाव आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील या गावाजवळ, डोंगराच्या पोटात, गेली साठ वर्षे कोयनेच्या पाण्यावर वीज तयार होते. ती उंच मनोऱ्यांवरील तारांतून घाट, नद्या आणि भातखाचरे ओलांडत मुंबईच्या दिशेने जाते. मुंबईत तिच्यावर लोकल धावतात, कारखाने चालतात. याच जिल्ह्यातील डोंगरउतारावरच्या वाड्यांत मात्र दिवेलागणीच्या वेळी बल्बची तार नुसती तांबूस दिसत असे आणि घरोघरी एकच वाक्य ऐकू येई, "आज व्होल्टेज नाही."
उगमाशी अंधूक आणि दोनशे किलोमीटरवर लख्ख, असे का व्हावे?

२.
या प्रश्नाची दोन उत्तरे कोकणात परंपरेने दिली जातात. पहिले उत्तर असे, की वीज मुंबईवाले ओढून नेतात. दुसरे असे, की शेवटच्या घरापर्यंत येता येता वीज संपते. पहिल्यात इतिहासाचा काही अंश आहे, दुसऱ्यात विज्ञानाचा केवळ भास आहे. खरे उत्तर शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातील एका साध्या आकृतीत सापडते. 'रोधांची एकसर जोडणी' या नावाने ती शिकवली जाते, परीक्षेपुरती पाठ होते आणि नंतर विसरली जाते. पोफळीचा इतिहास समजून घ्यायचा, तर आधी त्या आकृतीचा इतिहास पाहावा लागतो.

३.
जर्मनीतील कोलोन शहरात गेऑर्ग झिमोन ओम नावाचे एक शिक्षक होते. वडील कुलुपे बनवणारे कारागीर. १८२६ च्या सुमारास ओम यांनी एक प्रयोग मांडला. बिस्मथ आणि तांबे या दोन धातूंच्या सांध्यांपैकी एक उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला, की त्यांच्यातून मंद परंतु स्थिर विद्युतधारा मिळते. त्या काळच्या विद्युतघटांची धारा क्षणाक्षणाला बदलत असे, म्हणून ही युक्ती. मग त्यांनी मंडलात वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून चुंबकसूचीचे विचलन नोंदवले. तार जितकी लांब, तितकी धारा कमी. परंतु किती कमी? ओम यांचे खरे काम या 'किती'चे उत्तर शोधण्याचे होते.

४.
त्यांना मिळालेले सूत्र शब्दांत असे सांगता येईल. धारा काढायची, तर उगमाच्या प्रेरणेला एका बेरजेने भागावे. ती बेरीज म्हणजे मंडलातील मूळ भागांचा रोध अधिक नव्याने जोडलेल्या तारेचा रोध. येथे महत्त्वाचा शब्द 'अधिक' हा आहे. एकामागून एक जोडलेल्या वस्तूंचे रोध सरळ मिळवले जातात, आणि त्या सर्वांतून जाणारी धारा एकच असते. १८२७ साली ओम यांनी हे विवेचन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. मायदेशात त्याचे स्वागत थंडपणे झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक देऊन त्यांचा गौरव केला, तो १८४१ साली, म्हणजे चौदा वर्षांनी.

५.
एकसर जोडणी कोकणातील प्रत्येक घराने पाहिलेली आहे. गणपतीच्या आराशीतील जुन्या पद्धतीची, इवल्या बल्बांची माळ आठवावी. समजा, माळेत ४६ सारखे बल्ब एकापुढे एक गुंफलेले आहेत आणि घरातील दाब २३० व्होल्ट आहे. प्रत्येक बल्बच्या वाट्याला ५ व्होल्ट येतात. सुट्या बल्बला थेट २३० व्होल्ट लावले, तर तो क्षणात जळेल. माळेत मात्र तो दहा दिवस सुखाने मिणमिणतो. दाब सर्वांत वाटला जातो. धारा वाटली जात नाही, ती पहिल्या बल्बात जितकी असते तितकीच शेवटच्या बल्बातही असते. आणि एक बल्ब गेला, की सारी माळ विझते. कारण वाट एकच आहे.

६.
आता वाटणी विषम असते तेव्हा काय होते, ते पाहू. ६० वॅटचा आणि १०० वॅटचा असे दोन जुन्या धाटणीचे बल्ब एकसर जोडले, तर अधिक उजेड कोणाचा? सहज तोंडी येणारे उत्तर १०० वॅटचे, परंतु प्रत्यक्षात ६० वॅटचा बल्ब अधिक तेजाने पेटतो. त्याची तार अधिक रोधाची असते, आणि एकसर जोडणीत ज्याचा रोध जास्त त्याच्या वाट्याला दाबही जास्त येतो. दोन्ही बल्बांची अदलाबदल केली, 'पहिला' शेवटी नेला, तरी उत्तर बदलत नाही. म्हणजे या मंडलात रांगेतील क्रमाला किंमत नाही. किंमत आहे ती एकूण रोधात प्रत्येकाचा हिस्सा किती, याला. पुढचा सारा इतिहास या एका वाक्याभोवती फिरतो.

७.
४ सप्टेंबर १८८२ रोजी थॉमस एडिसन यांनी न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट येथील वीजकेंद्र सुरू केले. दाब ११० व्होल्टच्या आसपास होता, आणि वीज आसपासच्या काही रस्त्यांपुरतीच पोचत असे. अडचण यंत्रांची नव्हती, तारेची होती. ग्राहकाचा दिवा आणि त्याच्यापर्यंत जाणारी तार ही दोन्ही एकाच माळेतील मणी आहेत. तार लांबली की तिचा रोध वाढतो, आणि ११० व्होल्टपैकी तिचा हिस्सा मोठा होऊन दिव्यासाठी उरलेला दाब घटतो. तार जाड केली तर रोध कमी होतो, पण तांबे महाग. अंतर दुप्पट झाले, तर तोच ऱ्हास राखण्यासाठी तार दुप्पट लांब आणि दुप्पट जाड, म्हणजे चौपट तांबे लागते. हा हिशेब शहराबाहेर पडूच देत नव्हता.

८.
त्याच वर्षी जर्मनीत एक धाडसी प्रयोग झाला. ओस्कार फॉन मिलर यांनी भरवलेल्या म्युनिकच्या विद्युत प्रदर्शनासाठी मार्सेल देप्रे या फ्रेंच अभियंत्याने ५७ किलोमीटर दूर असलेल्या मीसबाख येथून साध्या टेलिग्राफच्या तारेवरून वीज आणली. तिच्यावर एक पंप चालला आणि पंपाने एक छोटा कृत्रिम धबधबा वाहता ठेवला. लोकांनी कौतुक केले, पण मीसबाखला घातलेल्या शक्तीपैकी जेमतेम पाव हिस्सा म्युनिकला पोचला होता. बाकीची वाटेत तार तापवण्यात गेली. तारेतील ही उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे इंग्लंडच्या जेम्स जूल यांनी चार दशकांपूर्वीच दाखवून दिले होते. धारा दुप्पट झाली, तर उष्णता चौपट.

९.
मग यावर उपाय कोणता? येथे थोडे अंकगणित आवश्यक आहे. समजा, दूरच्या शहराकडे जाणाऱ्या तारेचा जाऊन-येऊन एकूण रोध २० ओम आहे, आणि केंद्रातून २२ मेगावॅट शक्ती पाठवायची आहे.
दाब २२ हजार व्होल्ट ठेवला, तर धारा १,००० अँपिअर होते. तारेवरच १,००० × २० म्हणजे २० हजार व्होल्ट खर्च होतात. शहराला उरतात फक्त २ हजार. २२ पैकी २० मेगावॅट तार तापवण्यात जातात.
तीच शक्ती २ लाख २० हजार व्होल्टने पाठवली, तर धारा १०० अँपिअर. तारेवरची घट २ हजार व्होल्ट, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी. वाया जाणारी शक्ती फक्त ०.२ मेगावॅट.
तार तीच, रोध तोच. बदलला तो फक्त तिचा हिस्सा.

१०.
(प्रत्यक्षात वीज त्रिकला प्रत्यावर्ती धारेने जाते आणि तेथे रोधाबरोबर इतरही घटक हिशेबात घ्यावे लागतात. मूळ तत्त्व मात्र हेच.)
प्रत्यावर्ती धारेचा मोठा गुण असा, की रोहित्राच्या साह्याने तिचा दाब हवा तसा चढवता आणि उतरवता येतो. १८९१ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात हे सिद्ध झाले. नेकार नदीवरील लाउफेन गावातून १७५ किलोमीटर अंतरावर वीज आणली गेली. दाब १५ हजार व्होल्टच्या आसपास होता आणि सुमारे तीन-चतुर्थांश शक्ती सुखरूप पोचली. या खटपटीमागेही ओस्कार फॉन मिलर हेच होते. पाव हिस्सा पोचण्यापासून पाव हिस्सा हरवण्यापर्यंतचा हा प्रवास नऊ वर्षांत झाला. डोंगरातील पाणी आणि दूरचे शहर यांची गाठ आता बांधता येणार होती.

११.
ही बातमी ज्या शहरांसाठी सर्वांत मोलाची होती, त्यांत मुंबई होती. कापडगिरण्यांना कोळसा दुरून आणावा लागे, आणि सह्याद्रीवर दर पावसाळ्यात अफाट पाणी कोसळून वाहून जाई. घाटमाथ्यावरचे पाणी अडवून पश्चिमेकडे खाली सोडावे, ही कल्पना मुंबईतील डेव्हिड गॉस्टलिंग यांनी जमशेटजी टाटांपुढे मांडली. जमशेटजी १९०४ साली निवर्तले, पण त्यांच्या वारसांनी योजना तडीस नेली. लोणावळ्याजवळ तलाव बांधले गेले, खाली खोपोलीत वीजगृह उभे राहिले आणि १९१५ साली सुमारे ७० किलोमीटर दूर परळपर्यंत वीज पोचली. दाब होता १ लाख व्होल्ट. ओम यांची बेरीज आता सह्याद्रीच्या कड्यावर मांडली गेली होती.

१२.
या विजेवर चालणाऱ्या गिरण्यांत काम कोण करत होते? परळ-लालबागच्या कामगारांत सर्वांत मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्याचा होता. आजचा सिंधुदुर्गही १९८१ पर्यंत याच जिल्ह्याचा भाग होता. गावची शेती पोटाला पुरत नसे, म्हणून घरातील कर्ता पुरुष बोटीने मुंबई गाठे आणि महिन्याची मनिऑर्डर गावी येई. माणसे मुंबईकडे वाहत होती, पाठोपाठ डोंगराचे पाणीही विजेच्या रूपाने तिकडेच वाहू लागले. त्याची किंमत कोण देतो, हा प्रश्नही लवकरच उभा राहिला. टाटांच्याच पुढील धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह लढला गेला. तरीही धरण झाले, आणि मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहात उतरले.

१३.
आता कोयनेकडे वळू. ही नदी महाबळेश्वरी उगम पावते आणि सह्याद्रीच्या कण्याला समांतर दक्षिणेकडे वाहते. हेळवाकजवळ ती काटकोनात पूर्वेकडे वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. वळण घेण्यापूर्वी ती घाटाच्या पश्चिम कड्याच्या अगदी जवळ असते. नैसर्गिक वाटेने गेली, तर तिचे पाणी पठारावरून संथपणे बंगालच्या उपसागराकडे जाते. डोंगर पोखरून पश्चिमेला सोडले, तर तेच पाणी थोड्याच अंतरात शेकडो मीटर खाली कोकणात कोसळते. अभियंत्यांच्या भाषेत या उंचीला 'शीर्ष' म्हणतात. विजेच्या मंडलात जे स्थान विभवांतराचे, तेच पाण्याच्या मंडलात शीर्षाचे.

१४.
योजनेचा विचार टाटांच्या काळापासून होत होता. काम सुरू झाले ते स्वातंत्र्यानंतर, १९५४ मध्ये. देशमुखवाडीजवळ १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, शिवसागर जलाशय भरला. कोयना खोऱ्यातील सुमारे शंभर गावांना घरदार, शेत आणि देवस्थान सोडावे लागले. त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पुढच्या पिढ्यांपर्यंत रेंगाळले. घाटाच्या खाली पोफळी येथे डोंगराच्या पोटात वीजगृह कोरले गेले. भारतातील सुरुवातीच्या भूमिगत जलविद्युत केंद्रांपैकी ते एक. १९६२ साली तेथून वीज मिळू लागली. धरण सातारा जिल्ह्यात, वीजगृह रत्नागिरीत आणि ग्राहक प्रामुख्याने मुंबईत, अशी ही त्रिस्थळी व्यवस्था होती.

१५.
पोफळीच्या पाण्याची वाट पाहिली, तर एकसर जोडणी डोळ्यांना दिसते. जलाशय, प्रवेशद्वार, लांब बोगदा, तीव्र उताराचे पोलादी नळ, टर्बाइन आणि बाहेर पडणाऱ्या अवजलाचा बोगदा. वाट एकच. बोगद्यातून जितके घनमीटर पाणी शिरते, तितकेच टर्बाइनमधून जाते आणि तितकेच बाहेर पडते. टर्बाइन पाणी 'खात' नाही. ते पाण्याची उंची घेते. बोगद्याच्या भिंतींचे घर्षणही त्या उंचीतील थोडा वाटा घेते. म्हणून बोगदा ऐसपैस आणि गुळगुळीत हवा, म्हणजे त्याचा वाटा लहान राहतो आणि टर्बाइनचा मोठा होतो. जाड तारेचे तर्कशास्त्र ते हेच.

१६.
गोष्ट येथे संपत नाही. पोफळीतून बाहेर पडलेले अवजल चिपळूण तालुक्यातच कोळकेवाडी धरणात अडवले जाते आणि तिसऱ्या टप्प्याच्या वीजगृहातून आणखी खाली सोडले जाते. मगच ते वाशिष्ठी नदीतून चिपळूण ओलांडून दाभोळच्या खाडीला मिळते. म्हणजे एकच पाणी, एकापुढे एक अशी दोन वीजगृहे. पोफळीच्या वाट्याला सुमारे ४७५ मीटर उतार, कोळकेवाडीच्या वाट्याला सुमारे ११०. एक घनमीटर पाण्यामागे, घर्षण वगळून, पोफळीला साधारण १.३ युनिट आणि कोळकेवाडीला साधारण ०.३ युनिट ऊर्जा मिळू शकते. धारा समान, वाटा असमान. माळेतील ६० आणि १०० वॅटच्या बल्बांची ही अवाढव्य आवृत्ती आहे.

१७.
दुसरे वीजगृह उभारण्यामागे काटकसरीचा मोठा विचार होता. कोयना ही कृष्णेची उपनदी, आणि कृष्णेच्या पाण्यावर अनेक राज्यांचा हक्क. बच्छावत लवादाने कोयनेतून विजेसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. धारा अशी बांधली गेल्यावर अधिक ऊर्जा मिळवण्याचा मार्ग एकच उरतो. उताराचा एकही मीटर फुकट जाऊ द्यायचा नाही. पुढे चौथ्या टप्प्यासाठी १९९९ मध्ये जलाशयाच्या तळाला छेद देणारे प्रसिद्ध 'लेक टॅपिंग' झाले, आणि त्या टप्प्याचे अवजलही कोळकेवाडीतच येते. आज सर्व टप्प्यांची मिळून क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट आहे.

१८.
आता पाण्याच्या मंडलातून पुन्हा विजेच्या मंडलात येऊ. पोफळी ते मुंबई हे अंतर सरळ रेषेतही दोनशे किलोमीटरांच्या आसपास भरते. ही वीज वाहून नेण्यासाठी २२० किलोव्होल्टच्या वाहिन्या उभारल्या गेल्या, पुढे चौथ्या टप्प्यासाठी ४०० किलोव्होल्टच्या. परिच्छेद ९ मधील हिशेब येथे प्रत्यक्षात उतरतो. दोनशे किलोमीटरची तार, पण एकूण दाबातील तिचा वाटा अगदी थोडा. म्हणून दूरची मुंबई विजेच्या दृष्टीने 'जवळ' आली. आणि पोफळीपासून जेमतेम काही मैलांवरची वाडी 'दूर'च राहिली. नकाशावरील अंतर आणि रोधाच्या हिश्शाने मोजलेले अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१९.
वाडीचा हिशेब असा. २२० किलोव्होल्टच्या तारेला घर थेट जोडता येत नाही. उपकेंद्रात दाब उतरवावा लागतो, मग ११ किलोव्होल्टची वाहिनी गावच्या रोहित्रापर्यंत येते आणि तेथून २३० व्होल्टची तार खांबाखांबाने घरांपर्यंत जाते. समजा, रोहित्रापासून वाडीच्या टोकापर्यंत या शेवटच्या तारेचा जाऊन-येऊन रोध २ ओम आहे. तारेतून ५ अँपिअर धारा वाहत असेल, तर घट १० व्होल्ट. टोकाच्या घरी २२० उरतात. सायंकाळी सर्व घरांचे दिवे लागले, कोणी विहिरीवरचा पंप सुरू केला आणि धारा २५ अँपिअर झाली, की घट ५० व्होल्ट. उरले १८०. जुन्या बल्बचा उजेड तेवढ्याने निम्म्याहूनही कमी होतो.

२०.
म्हणजे टोकाला येईपर्यंत वीज 'संपली' नव्हती. पहिल्या घराने ती संपवलीही नव्हती. घरे एकमेकांना समांतर जोडलेली असली, तरी त्या सर्वांच्या आधी सामायिक तार एकसर बसलेली असते. वाढलेली धारा त्या तारेतून गेली आणि तारेने आपला वाटा वाढवून घेतला. कोकणातील वस्ती घाटमाथ्यावरच्या गावांसारखी एकवटलेली नसते. वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या, घरांमध्ये आंब्या-काजूच्या बागा, मध्ये वहाळ. दहा-बारा घरांसाठी तार एक-दीड किलोमीटर ओढावी लागते. ही तार कमी दाबाची, लांब आणि बहुधा बारीक. रोध वाढवणारी प्रत्येक गोष्ट येथे एकत्र आलेली आहे.

२१.
उपायही ओम यांच्या बेरजेतच आहे. तार जाड करावी, किंवा रोहित्र वाडीच्या जवळ न्यावे, म्हणजे वाटेचा बहुतेक भाग उंच दाबाने कापला जाईल. मुंबईसाठी जे तत्त्व वापरले, तेच. फरक होता तो खर्चाच्या हिशेबाचा. १९६० साली महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले, तेव्हा मर्यादित पैशात गिरण्यांचे शहर आणि विखुरलेल्या वाड्या यांत निवड करायची होती. एका मोठ्या वाहिनीवर लाखो ग्राहक मिळत होते, एका रोहित्रावर दहा-बारा घरे. कोकणातील अनेक वाड्यांत पोफळीनंतरही बरीच वर्षे कंदीलच पेटत राहिले, आणि वीज आली तेव्हा ती लांब तारेच्या टोकाला आली. विज्ञानाने फक्त इतके सांगितले, की दाबाची घट कुठेतरी पडणारच. ती कोणाच्या वाट्याला पडावी, हे माणसांनी ठरवले.

२२.
एकसर जोडणीचा दुसरा गुणधर्म, म्हणजे एक मणी तुटला की माळ विझते, मुंबईनेही अनुभवला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना परिसरात भूकंप झाला. तीव्रता ६.३ च्या आसपास होती. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. धरण टिकले, परंतु कोयनेची वीज खंडित झाली आणि मुंबईचे दिवे व कारखाने बंद पडले. धरण, बोगदा, टर्बाइन, रोहित्र, वाहिनी, शहर, या साखळीतील कुठलाही दुवा निखळला, की धारा शून्य. मुंबई आणि कोयना यांच्यातील अंतर केवढे कमी झाले होते, हे त्या पहाटे अंधाराने दाखवून दिले.

२३.
अशा संकटावर उत्तर समांतर जोडणीचे असते. दोन केंद्रांना जोडणारी वाहिनी एकच नसावी, दोन असाव्यात. एक तुटली तर दुसरी चालू राहते, आणि दोन्ही चालू असताना एकूण रोध निम्मा होतो. कोयना, टाटांची जलकेंद्रे आणि औष्णिक केंद्रे एकाच जाळ्यात गुंफली गेली, तसतसे एका मण्यावरचे अवलंबन कमी होत गेले. ग्रामीण भागातही हाच धडा हळूहळू पोचला. अकरा किलोव्होल्टच्या वाहिन्या वाडीजवळ आल्या, लहान क्षमतेची रोहित्रे बसली, तेथे टोकाच्या घरातील दाब सुधारला. जेथे बसली नाहीत, तेथे आजही सायंकाळी पंखा सुस्तावतो.

२४.
आरंभीच्या दोन उत्तरांकडे आता पुन्हा पाहता येईल. वीज वाटेत संपत नाही. धारा माळेच्या दोन्ही टोकांना सारखीच असते. मुंबईने वीज 'ओढून' नेली, हेही अर्धेच खरे. मुंबईसाठी तारेचा वाटा कमी करण्यावर खर्च झाला, वाडीसाठी तो उशिरा झाला. पोफळीच्या इतिहासात सर्वांतून वाहणारी धारा एकच होती. खोऱ्यातील गावांनी जमीन दिली, कड्याने उंची दिली, रत्नागिरीच्या माणसांनी गिरण्यांत घाम दिला. वाट्याला आलेला प्रकाश मात्र सारखा नव्हता.
कुंभार्ली घाटातून जाताना मनोऱ्यांवरच्या तारा दिसल्या, तर त्यांच्याखालचे लाकडी किंवा सिमेंटचे छोटे खांबही पाहावेत. ते कुठल्या घरापर्यंत जातात, आणि त्या वाटेत रोहित्र कुठे आहे, एवढे पाहिले तरी या इतिहासाचे पुढचे पान वाचता येईल.

(धागा पूर्ण)